हॉटेलातली चिठ्ठी कुठे गेली?

मराठीत हॉटेल म्हणजे उतरायची जागा नाही, खायची जागा. 'रेस्टॉरंट' हा शब्द पाटीवर असतो, बोलण्यात क्वचितच. म्हणून या लेखातही हॉटेलच म्हणू या; त्यात अमृततुल्यापासून एसी फॅमिली रूमपर्यंत सगळे आले.

यंत्रे हॉटेलांना नवी नाहीत. डोशाच्या पिठाचा ग्राइंडर, कॉफीचे मशीन, डीप फ्रीज या साऱ्यांना कित्येक वर्षे झाली. पण ती सगळी आत, भटारखान्यात बसली. गेल्या दहा वर्षांत आलेली यंत्रे बाहेर बसली आहेत, गिऱ्हाईक आणि मालक यांच्या मधोमध. ती नेमके काय करतात हे समजायचे, तर ऑर्डरच्या चिठ्ठीचा माग काढावा.

हाक, चिठ्ठी, पडदा

जुन्या इराण्याकडे किंवा उडप्याकडे बिल नावाचा कागदच नसे. गिऱ्हाईक उठून दाराकडे निघाले की पोऱ्या आतून ओरडायचा, "काळी टोपी, साडेतीन!" गल्ल्यावरचे शेटजी तेवढेच पैसे मागायचे. हिशेब आवाजावर चाले आणि विश्वास पोऱ्यावर असे.

टेबले वाढली तशी हाक पुरेनाशी झाली आणि कागद आला. त्याचे नाव केओटी, म्हणजे किचन ऑर्डर तिकीट. वेटर खाली कार्बन घालून लिहायचा; एक प्रत आत, एक गल्ल्यावर. केओटीशिवाय आतून वाटीभर चटणीही बाहेर यायची नाही, असा कडक हॉटेलांचा शिरस्ता. रात्री आतल्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या आणि बाहेरची बिले ताडून पाहायची. फरक निघाला तर कोणीतरी फुकट खाल्ले, किंवा कोणीतरी पैसे खाल्ले.

आज ही चिठ्ठी कॅप्टनच्या हातातल्या मोबाइलमधून निघते आणि तंदूरची तंदूरपाशी, चायनीजची चायनीजच्या भट्टीपाशी छापून पडते. मोठ्या ठिकाणी कागदही नाही, भिंतीवर पडदा असतो आणि वेळ उलटून गेलेली ऑर्डर त्यावर लाल होते. अहमदाबादच्या पेटपूजासारख्या कंपन्यांनी ही बिलिंगची व्यवस्था गावोगावच्या मध्यम हॉटेलांपर्यंत नेली.

यातली खरी करामत बिल छापण्यात नाही, कोठाराशी जोडणी करण्यात आहे. एका मिसळीला मटकी किती, फरसाण किती, पाव दोन, हे एकदा भरून ठेवले की प्रत्येक बिलासरशी तेवढा माल खात्यातून वजा होतो. शंभर मिसळी विकल्या आणि पाव दोनशे तीस संपले, तर तीस पावांचा जाब विचारता येतो. मालक कोल्हापुरात लग्नाला गेलेला असतो आणि पुण्यातल्या दुकानात कोणी छापलेले बिल रद्द केले की पंगतीत बसल्या जागी त्याचा मोबाइल वाजतो. मालक मंडळी सर्वांत खूष असतात ती या सोयीवर. वेटरांचे मत कोणी विचारत नाही.

मोटारीच्या कारखान्यातून टेबलावर

टेबलावर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड, मुळात जेवणासाठी जन्मलाच नाही. १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. साध्या बारकोडात मावत नव्हती एवढी माहिती त्यात मावे, आणि तो कोणत्याही बाजूने वाचता येई.

आपल्याकडच्या हॉटेलांत मेन्यू म्हणून तो शिरला करोनात. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने हॉटेले उघडली, तेव्हा हातोहात फिरणारे मेन्यूकार्ड धोक्याचे वाटू लागले होते. आजार ओसरला, चौकोन राहिला. कारण मालकाला त्यातली सोय कळली होती. कांदा-टोमॅटो भडकला की नवे कार्ड छापायला नको, संपलेला पदार्थ तिथल्या तिथे काढून टाकता येतो.

गिऱ्हाइकाची मात्र थोडी पंचाईत झाली. कार्ड टेबलावर पसरून चौघे एकदम वाचतात, बोटे ठेवतात, भांडतात. मोबाइलवर प्रत्येक जण एकटा वाचतो. माझे एक ज्येष्ठ स्नेही अशा ठिकाणी मोबाइल काढतच नाहीत. ते वेटरला विचारतात, "मामा, आज काय चांगलं झालंय?" या प्रश्नाचे उत्तर मेन्यूकार्डातही नव्हते आणि क्यूआरमध्येही नाही.

काही कोड नुसता मेन्यू दाखवतात. काही मात्र आधी मोबाइल क्रमांक मागतात आणि मगच पान उघडतात. जेवायला क्रमांक कशाला लागतो, हा प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३मध्ये दुकानदारांना बजावले होते की, क्रमांक दिल्याशिवाय बिल नाही अशी सक्ती करता येणार नाही. छापील कार्ड मागून घ्यावे. बहुतेक ठिकाणी ते गल्ल्याच्या खणात असतेच.

बोलणारी डबी

यूपीआय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६मध्ये आणले. त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि सुट्ट्या पैशांच्या टंचाईने त्याला हात दिला. पण चहाच्या टपरीपर्यंत ते झिरपले ते दोन कारणांनी. एक तर जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क लागत नाही. बँकेच्या बहुतेक कार्डांवर मात्र ते द्यावे लागते. दहा रुपयांच्या चहावर कोणी टक्केवारी देणार नाही. दुसरे कारण म्हणजे ती बोलणारी डबी, साउंडबॉक्स.

तिची गरज का पडली? गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक लांबूनच मोबाइलचा पडदा दाखवायचे आणि चालू लागायचे. काही जण कालचाच फोटो दाखवायचे. हात पिठाचे, डोळे कढईवर, अशा माणसाला मोबाइल उघडून खात्री करणे शक्य नव्हते. डबीत सिमकार्ड असते. बँकेकडून पैसे जमा झाल्याचा निरोप आला की ती मराठीत रक्कम सांगते. महिन्याला भाडे द्यावे लागते तरी लोक ती ठेवतात. "काळी टोपी, साडेतीन" म्हणणारा पोऱ्या गेला आणि साठ-सत्तर वर्षांनी गल्ल्यावर पुन्हा आवाजच आला. टोपी कोणत्या रंगाची, ते तेवढे ही डबी सांगत नाही.

दोन गोष्टी यातून हरवल्या. पहिली वेटरची टीप. बडीशेपेच्या बशीत सुट्टे परत येत, त्यातले काही तिथेच राहत. आता पुरती रक्कम थेट मालकाच्या खात्यात जाते, बशीत उरते फक्त बडीशेप. काही ठिकाणी वेटरच्या खिशावर त्याचा स्वतःचा क्यूआर दिसतो, पण तो मालकाला चालतोच असे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आडोसा. रोखीचा धंदा किती, हे फक्त मालकाला ठाऊक असे. जुलै २०२५मध्ये कर्नाटकाच्या कर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, आणि बंगळुरूच्या कित्येक टपऱ्यांवरचे क्यूआर रातोरात उतरून 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवर नोंदणी बंधनकारक आहे. चांगली चाललेली टपरी ही रेषा केव्हा ओलांडते, ते तिचे तिलाच कळत नाही.

वाटेत टिकणारे अन्न

आता चिठ्ठी दाराबाहेर पडते. घरपोच अन्नाचा आपल्याकडचा बाजार मुख्यतः दोन कंपन्यांचा. झोमॅटो २००८मध्ये दिल्लीत 'फूडीबे' या नावाने सुरू झाली, तेव्हा ती नुसती मेन्यूकार्डे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकत असे. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत कार्डांसाठी लागणारी रांग पाहून ती कल्पना सुचली. स्विगी २०१४मध्ये बंगळुरूत आली ती स्वतःचीच पोचवणारी माणसे घेऊन. उबर ईट्सचा भारतातला धंदा २०२०च्या जानेवारीत झोमॅटोने घेतला आणि मैदानात ठळक असे दोघेच उरले.

या व्यवस्थेने लोक काय खातात तेही बदलले, आणि मला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. पेटीत बंद होऊन अर्धा तास स्कूटरवर हिंदकळल्यावरही जो पदार्थ तग धरतो, तो जिंकतो. बिर्याणी जिंकली. ती दमावरच शिजते, तेव्हा आणखी अर्धा तास वाफेत राहिली तर तिचे फारसे बिघडत नाही. स्विगीच्या २०२४च्या आढाव्यात बिर्याणीच्या ८.३ कोटी ऑर्डर होत्या आणि ती वर्षानुवर्षे पहिलीच आहे. याउलट डोसा पाच मिनिटांत मलूल होतो. भज्यांना घाम येतो. ज्वारीची भाकरी फॉइलमध्ये आधी ओली होते, मग चिवट. थालीपीठ तव्यावरून पानात पडले पाहिजे, त्याला तिसरा मुक्काम सोसत नाही.

मिसळवाल्यांनी तोडगा काढला: कट वेगळा, उसळ वेगळी, फरसाण कोरडे, लिंबू-कांदा पुडीत. घरी जुळणी आपण करायची. चांगले आहे, पण एका मिसळीला पाच डब्या लागतात आणि त्या पाच डब्यांचे पैसे कोणीतरी भरतोच.

झटपट पोचवण्याच्या चढाओढीने हे आणखी पुढे नेले. स्विगीने ऑक्टोबर २०२४मध्ये 'बोल्ट' आणले; सुमारे दोन किलोमीटरच्या आतून दहा-पंधरा मिनिटांत जेवण. स्वयंपाक एवढ्या वेगाने होत नाही. म्हणून यादीच अशी बांधतात की, फारसे शिजवावेच लागू नये. इडली चालते, वडापाव चालतो, बर्गर चालतो. सुरमई तळून हवी असेल तर उठून हॉटेलात जावे.

तीनशे रुपयांचा हिशेब

अ‍ॅपवर तीनशे रुपयांची थाळी मागवली, तर हॉटेलवाल्याला काय मिळते? दर ठिकाणी करार वेगळा. कमिशन साधारण १५ ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असते. उदाहरणापुरते पंचवीस धरू.

'१० टक्के सूट' अशी जी पट्टी दिसते, ती बऱ्याचदा हॉटेलच्या खिशातून असते. तीनशेचे झाले २७०. त्यावर २५ टक्के कमिशन ६७ रुपये ५० पैसे. कमिशन ही सेवा, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे १२ रुपये. डब्या, पिशवी, चमचे मिळून १५. हातात राहिले १७५ रुपये. धान्य, भाजी, तेल, दूध यांना थाळीच्या किमतीच्या पस्तीस टक्के धरले तर १०५ गेले. उरलेल्या सत्तर रुपयांत जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार, गॅस, वीज, आणि शेवटी नफा.

त्या बारा रुपयांत एक गोम आहे. इतर व्यापारी खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वळता करून घेतात. बहुतेक हॉटेले ५ टक्क्यांच्या गटात आहेत आणि या गटाला नोव्हेंबर २०१७पासून ती सवलत नाही. म्हणजे ते बारा रुपये परत येत नाहीत, थाळीतच मुरतात.

मग मालक काय करतो? अ‍ॅपवरचा भाव वाढवतो. दुकानात दोनशे चाळीसला मिळणारी थाळी अ‍ॅपवर तीनशेला का, हे कोडे असे सुटते. गिऱ्हाइकाला सूट मिळाल्याचा आनंद, मालकाला भाव सावरल्याचा. अ‍ॅपकंपनीचे कमिशन मात्र वाढवलेल्या भावावर.

पाटी नसलेले हॉटेल

गिऱ्हाईक दारात येणारच नसेल तर दार कशाला? या विचारातून क्लाउड किचन निघाले. मागच्या गल्लीतला स्वस्त गाळा, आत चार शेगड्या, बाहेर पाटी नाही. याचे भारतातले ठळक उदाहरण पुण्याचे. फासोस हे रॅप विकणारे दुकान इथे सुरू झाले. पुढे त्याच्या चालकांच्या ध्यानात आले की, ऑर्डर देणारे बरेचसे लोक दुकान पाहतच नाहीत. कंपनीने दुकानांऐवजी स्वयंपाकघरांवर भर दिला, रिबेल फूड्स हे नाव घेतले आणि एकाच ओट्यावरून बहरोज बिर्याणी, ओव्हन स्टोरीचा पिझ्झा आणि फासोसचे रॅप निघू लागले. अ‍ॅपवर ही तीन हॉटेले दिसतात.

यात फसवणूक आहे का? माझ्या मते नाही, कपडेवालेही एका कारखान्यातून चार नावांनी विकतात. पण वाचकाने पाहायचेच ठरवले तर सोय आहे. अ‍ॅपवर मेन्यूच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक असतो. १ने सुरू होणारा क्रमांक परवान्याचा, २ने सुरू होणारा छोट्या व्यावसायिकाच्या नोंदणीचा. सोबतचा पत्ता दोन नावांना सारखाच निघाला, तर चूल एकच.

डोंबिवली-ठाण्याच्या माणसाला या कल्पनेचे नवल वाटू नये. पोळीभाजी केंद्र म्हणजे दुसरे काय? बसायला जागा नाही, वेटर नाही. संध्याकाळी लोकलमधून उतरायचे, चार पोळ्या आणि पाव किलो भाजी घेऊन घरी जायचे. फरक इतकाच की, केंद्रातल्या काकूंना माहीत असते की अमक्याकडे आज पाहुणे आहेत, दोन पोळ्या जास्त लागतील. या काकूंचे सध्याचे तंत्रज्ञान म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा गट. सकाळी भाजी जाहीर, अकरापर्यंत नावे, गणपतीत उकडीच्या मोदकांची आठ दिवस आधी नोंदणी. कमिशन शून्य.

गिऱ्हाईक कोणाचे?

काकूंना जे माहीत असते, ते अ‍ॅपवरच्या हॉटेलवाल्याला नसते. हा या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे, आणि भाव-कमिशनाच्या आरडाओरडीत तो झाकला जातो. तुम्ही एकाच हॉटेलातून पन्नास वेळा जेवण मागवा. त्या मालकाला तुमचा क्रमांक सहसा मिळत नाही. तुम्ही कोण, तिखट कमी का घेता, मंगळवारी का मागवत नाही, ही ओळख साठते अ‍ॅपकंपनीकडे. तीच कंपनी मग ठरवते की, बिर्याणी शोधणाऱ्याला पहिले नाव कोणाचे दाखवायचे. आणि वर दिसायचे तर जाहिरातीचे पैसे वेगळे.

हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९मध्ये भरमसाट सवलतींविरुद्ध 'लॉगआउट' मोहीम काढली होती. पुढे २०२१मध्ये संघटना स्पर्धा आयोगाकडे गेली, आणि एप्रिल २०२२मध्ये आयोगाने दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. तक्रारीत कमिशनाइतकाच मुद्दा गिऱ्हाइकाची माहिती झाकून ठेवण्याचाही होता. कंपन्यांचे म्हणणे असे की, माणसांचे क्रमांक वाटणे म्हणजे त्यांच्या खासगीपणावर घाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण आपला क्रमांक कोणाकडे असावा, हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी विचारलेले नसते.

ताऱ्यांचेही तसेच. पाऊस पडला, स्कूटर अडकली, रस्सा गार झाला. गिऱ्हाईक एक तारा देते आणि तो लागतो आचाऱ्याला.

बिलाच्या खालच्या ओळी

अ‍ॅपचे बिल शेवटपर्यंत वाचायची सवय लावावी. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी जानेवारी २०२२पासून हॉटेलच्या वतीने अ‍ॅपकंपनीच भरते. सप्टेंबर २०२५पासून पोचवण्याच्या शुल्कावरही १८ टक्के लागतो. 'प्लॅटफॉर्म फी' ही ओळ २०२३मध्ये अवघ्या दोन रुपयांनी सुरू झाली आणि उंटाने तंबूत मान घालावी तशी हळूहळू आत सरकली. ती ना हॉटेलला जाते, ना पोचवणाऱ्याला.

हॉटेलात बसून जेवलात तर सेवा शुल्काची ओळ पाहावी. ते आपोआप बिलात घालू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये काढली. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूचना उचलून धरली. द्यायचे असेल तर आपल्या खुशीने द्यावे, आणि शक्यतो वेटरच्या हातात.

पिशवीतली चिठ्ठी

मागच्या महिन्यात आमच्याकडे अ‍ॅपवरून जेवण आले. पिशवीच्या तळाशी, सॉसच्या पुड्यांखाली, बोटभर रुंदीचा पिवळा कागद होता. झेरॉक्स काढून कात्रीने कापलेला, कडा वाकड्या. त्यावर हॉटेलचा फोन नंबर आणि खाली एक ओळ: 'थेट फोन करा, ३ किमीपर्यंत आमचा मुलगा आणून देईल, भाव दुकानाचाच.'

मी फोन केला. पलीकडून कढईचा आवाज येत होता. "नाव सांगा," माणूस म्हणाला, आणि ते लिहून घ्यायला पेन शोधू लागला.